स्वमताचे तीन गुण : नववीच्या मराठी प्रकल्पाच्या नोंदी

२४ जून २०२५

विदर्भातल्या शाळा काल उघडल्या आणि आज दुपारी आमची पहिली बैठक झाली. अमरावती जिल्ह्यातील तीन शाळा या कामात आहेत : तालुक्याच्या गावची आमची अनुदानित माध्यमिक शाळा, जिल्हा परिषदेची एक शाळा आणि मेळघाटातील एक आश्रमशाळा. तिन्ही ठिकाणचे नववीचे वर्ग आहेत, मराठी शिकवणारे आम्ही पाच जण आहोत आणि नोंदी ठेवण्याचे काम माझ्याकडे आले आहे. दहावी मुद्दामच घेतली नाही. दहावीच्या वर्गात जूनपासून बोर्डाची परीक्षाच ठाण मांडून बसलेली असते, आणि तिथे नवे काही करून पाहायला पालक, मुख्याध्यापक आणि खरे सांगायचे तर आम्हीही तयार नसतो.

कामाच्या मर्यादा आधीच ठरवून घेतल्या. पाठ्यपुस्तक आहे तेच राहील, तासिका वाढणार नाहीत, निधी नाही आणि मुलांवर जादा चाचणी लादायची नाही. मराठीच्या अध्यापनाचा विषय निघाला की आपण बहुधा पुस्तकात कोणते पाठ असावेत यावर वाद घालतो, पण ते ठरवणे आमच्या हातात नाही. वर्गात काय विचारायचे आणि आलेल्या उत्तराचे काय करायचे, एवढे मात्र रोज आमच्याच हातात असते. वर्षभर तेवढ्यावरच काम करायचे ठरले आहे.

२८ जून

मागच्या वर्षीच्या नववीचा द्वितीय सत्राचा गठ्ठा कपाटातून काढला आणि त्यातली फक्त स्वमताची उत्तरे वाचत बसले. परिसरातील एखाद्या कष्टकरी व्यक्तीविषयी तुमचे मत लिहा, असा तीन गुणांचा प्रश्न होता. दहा-बारा उत्तरपत्रिका झाल्यावर पुढचे वाक्य न वाचताच सांगता येऊ लागले. ‘कष्ट हेच यशाचे खरे गमक आहे’ अशी सुरुवात, मध्ये मुंगी आणि मधमाशी, आणि शेवटी ‘अशा व्यक्तींपासून आपण प्रेरणा घेतली पाहिजे’. परिसरातली व्यक्ती मात्र जवळजवळ कुठेच नव्हती. हे सगळे गाईडमधून आले असे म्हणून मोकळे होता आले असते, पण त्यातले निम्मे मुद्दे मी स्वतः फळ्यावर लिहून दिलेले होते, हे मला टाचणाची, म्हणजे पाठाच्या तयारीची वही उघडल्यावर आठवले.

एक उत्तर वेगळे निघाले. त्या मुलाने आईविषयी लिहिले होते : ‘माझी आई निंदायला जाते. माणसाईले जास्त मजुरी भेटते. काम तर सारखंच असते. मी विचारलं तर आई म्हणते असंच असते. मले ते पटत नाही.’ एवढीच पाच वाक्ये; निंदणे म्हणजे खुरपणी आणि ‘माणसाईले’ म्हणजे पुरुषांना. समोर लाल शाईत ‘मुद्देसूद नाही, भाषा अशुद्ध’ असा शेरा आहे आणि तीनपैकी एक गुण दिलेला आहे. अक्षर माझे आहे.

तो मुलगा आता दहावीत आहे आणि माझ्याच वर्गात आहे. त्याला हा कागद दाखवावा की नाही, याचा निर्णय अजून झालेला नाही.

३० जून

पहिलीपासून तिसरी भाषा म्हणून हिंदी आणण्याविषयीचे एप्रिल आणि जून महिन्यांतले दोन्ही शासन निर्णय रद्द करत असल्याची घोषणा काल झाली. शिक्षक कक्षात आज दिवसभर दुसरा विषय नव्हता, आणि निर्णय मागे घेतले गेले याचे मलाही समाधान आहे. तरीही नोंदवून ठेवते की या अडीच महिन्यांत भाषा किती असाव्यात आणि कोणत्या इयत्तेपासून असाव्यात एवढेच बोलले गेले. जी पहिलीपासून आहेच ती मराठी दहा वर्षांत आपण कशी शिकवतो, हे कुणी कुणाला विचारल्याचे माझ्या तरी ऐकण्यात नाही.

१२ जुलै

दुसरी बैठक जिल्हा परिषदेच्या शाळेत झाली. दोष प्रश्नपत्रिकेचा की आमचा, या मुद्द्यावरच दोन तास गेले. दहावीच्या प्रथम भाषेच्या कृतिपत्रिकेचा, म्हणजे नव्या पद्धतीच्या प्रश्नपत्रिकेचा आराखडा समोर ठेवला होता, कारण आम्ही नववीची कृतिपत्रिका त्याच साच्यात काढतो. ८० गुणांपैकी गद्याला १८, पद्याला १६, स्थूलवाचनाला ६, भाषाभ्यासाला १६ आणि उपयोजित लेखनाला २४ गुण आहेत. गद्याच्या १८ गुणांतला अपठित उतारा, म्हणजे मुलाने आधी न पाहिलेला मजकूर, केवळ ४ गुणांचा असतो. बाकीचे उतारे आणि कविता वर्षभर वर्गात शिकवून, त्यांची प्रश्नोत्तरे वहीत उतरवून झालेली असतात, त्यामुळे आकलनाच्या नावाखाली आपण बऱ्याच अंशी स्मरणच तपासत असतो, हे आकडे एका ओळीत मांडल्यावर सगळ्यांना एकदमच जाणवले.

या शाळेतले ज्येष्ठ सर निवृत्तीच्या उंबरठ्यावर आहेत आणि त्यांनी तीन अभ्यासक्रम पाहिले आहेत. त्यांनी आठवण करून दिली की कृतिपत्रिका आली ती पाठांतराला आळा घालण्यासाठीच. ‘थोडक्यात उत्तरे लिहा’ आणि ‘संदर्भासह स्पष्टीकरण द्या’ हे जुने प्रकार गेले, चौकटी, ओघतक्ते आणि आकृतिबंध आले, आणि त्यांच्या जोडीला स्वमत आले. दहावीचे नवे पुस्तक २०१८ मध्ये आले, त्यावरची पहिली परीक्षा मार्च २०१९ मध्ये झाली, आणि सरांच्या म्हणण्याप्रमाणे त्या परीक्षेच्या आधीच त्यांच्या वर्गात स्वमताची तयार उत्तरे छापील स्वरूपात फिरू लागली होती. त्याच परीक्षेत भाषा विषयांचे अंतर्गत मूल्यमापनाचे २० गुण काढून टाकलेले होते. राज्याचा दहावीचा निकाल आदल्या वर्षीच्या ८९.४१ टक्क्यांवरून ७७.१० टक्क्यांवर आला आणि पुढच्या वर्षी ते २० गुण परत आले. ‘गुण गेले तेव्हा ओरड झाली, आले तेव्हा पेढे वाटले,’ असे सर म्हणाले, ‘पण तोंडी परीक्षेत पोराला नेमके काय विचारायचे, यावर एकही बैठक मी पाहिली नाही.’

पेपर बदलून काही होत नाही, असा त्यांचा निष्कर्ष आहे. तो मला पूर्ण मान्य नाही. २०१९ मध्ये प्रश्न बदलला, पण उत्तर तपासण्याची रीत बदलली नाही. स्वमताचा प्रश्न विचारून त्यासोबत आम्ही आदर्श उत्तरही काढून ठेवतो, आणि मुलाचे उत्तर त्याच्या जितके जवळ तितके गुण देतो. मग मुले आदर्श उत्तर पाठ करतात, आणि त्यात त्यांचे काही चुकते असे मला वाटत नाही. ‘स्वमताचे आदर्श उत्तर’ हे शब्द आम्ही इतकी वर्षे न अडखळता उच्चारत आलो, याचे मात्र आज आश्चर्य वाटले.

५ ऑगस्ट

संत नामदेवांचा ‘जैसा वृक्ष नेणे मान अपमान’ हा अभंग शिकवायला घेतला. एरवी हा अभंग माझा एका तासिकेत होतो : चालीवर म्हणायचा, शब्दार्थ फळ्यावर लिहायचे, सरळ अर्थ सांगायचा, सज्जन माणूस वृक्षासारखा असतो हे तात्पर्य द्यायचे आणि रसग्रहण घरून लिहून आणायला सांगायचे. या वेळी तीन तासिका लागल्या.

पहिल्या दिवशी अर्थ सांगितलाच नाही. अभंग तीनदा मोठ्याने वाचला आणि जिथे अडल्यासारखे वाटेल त्या शब्दाखाली पेन्सिलीने रेघ मारायला सांगितले. बहुतेकांची पहिली रेघ ‘नेणे’ या शब्दाखाली होती, आणि तो का अडतो तेही लगेच कळले. मुलांच्या मनात नेणे म्हणजे घेऊन जाणे, त्यामुळे झाड मान-अपमान कुठे घेऊन जाते, याचा उलगडा होत नव्हता. ‘जाणता राजा’ सगळ्यांना माहीत होता, म्हणून जाणताच्या उलट कोण, असे विचारले. दोघी-तिघींनी चाचपडत ‘नेणता’ असे उत्तर दिले, आणि मग ‘न जाणे’ पासून ‘नेणे’ त्यांनीच जुळवले. शब्दार्थाच्या यादीत हे एका ओळीत संपले असते. इथे वीस मिनिटे गेली, आणि ती वाया गेली असे मला वाटत नाही.

दुसऱ्या दिवशी एकच प्रश्न विचारला. पूजा करणाऱ्याचे झाडाला सुख नाही आणि तोडायला आलेल्यालाही ते ‘छेदू नका’ म्हणत नाही, असे नामदेव सांगतात, तर तुम्हाला हे कसे वाटते? त्यानंतर वर्ग गप्प झाला. अशी शांतता आली की मी ती स्वतःच्या बोलण्याने भरून काढते, ही माझी जुनी सवय आहे. आज खडू हातात घट्ट धरून घड्याळाकडे पाहत उभी राहिले. बऱ्याच वेळाने मागच्या बाकावरची, वर्षभरात स्वतःहून कधी न बोललेली मुलगी म्हणाली, ‘मॅडम, झाडाले तोंडच नाही, ते नको म्हणन तरी कसं? माणसाले तोंड असून तो गप्प बसला, तर तो सज्जन झाला का भेकड?’

त्यानंतर मला बोलायला जागाच उरली नाही. एक मुलगा म्हणाला की मग हा झाडाचा मोठेपणा नसून नाइलाज आहे. दुसऱ्याने पुस्तकावर बोट ठेवून दाखवले की अभंगात पुढे ‘धैर्यवंत’ असा शब्द आहे, म्हणजे नामदेवांना भित्रा माणूस अभिप्रेत नाही. हा अभंग इतक्या वर्षांत किती वेळा शिकवला असेल, पण त्या शब्दावर मी कधीच थांबले नव्हते. पहिल्या मुलीने तेवढ्यावर माघार घेतली नाही. धैर्य आहे तर मग बोलत का नाही, असे तिने विचारले आणि घंटा झाली.

तिसऱ्या तासिकेत प्रत्येकाने आपले म्हणणे लिहून काढले. मुंगी आणि मधमाशी या वेळी कुठेही आढळली नाही.

२५ ऑगस्ट

पोळ्याच्या सुट्टीनंतर लगेच बैठक घेतली. अभंगावरची चार उत्तरे नावे झाकून झेरॉक्स केली होती आणि आम्ही पाच जणांनी ती वेगवेगळी बसून तपासली. त्या मुलीच्या उत्तराला दोघांनी तीन गुण दिले, एकाने दोन, एकाने एक आणि आमच्यातल्या सर्वांत तरुण मॅडमनी शून्य. त्याउलट, ‘वृक्ष परोपकारी असतो, आपणही परोपकारी व्हावे’ अशा अर्थाच्या, वळणदार अक्षरातल्या उत्तराला चौघांनी पूर्ण गुण दिले होते. त्या चौघांत मी होते.

शून्य देणाऱ्या मॅडमचे म्हणणे उडवून लावण्यासारखे नव्हते. अभंगाचा आशय उलटा लावला तरी चालतो असे मुलांना वाटू लागले, तर उद्या कोणीही काहीही लिहील, आणि बोर्डाच्या परीक्षेत ज्या परीक्षकाकडे हा पेपर जाईल तो आमच्या बैठकीत बसलेला नसेल, असे त्या म्हणाल्या. पहिल्या भीतीला आमच्याकडे उत्तर होते : त्या मुलीने आशय उलटा लावलेला नाही, तिने तो नीट समजून घेतला आणि मग त्याच्याशी वाद घातला. समजून घेतल्याचा पुरावा तिच्या उत्तरातच होता, कारण तिने अभंगातला ‘न म्हणती’ हा शब्दप्रयोग उचलून त्यावरच बोट ठेवले होते. दुसऱ्या भीतीला आमच्याकडे उत्तर नाही, हे इथे स्पष्टपणे लिहून ठेवते.

बराच खल झाल्यावर तीन गुणांची वाटणी ठरली. उत्तरात मुलाची अशी एखादी भूमिका असेल, जी प्रश्न न वाचता कोणालाही लिहिता आली नसती, तर एक गुण. ती भूमिका उताऱ्यातल्या किंवा कवितेतल्या एखाद्या नेमक्या शब्दाशी, ओळीशी बांधलेली असेल तर दुसरा. कारण किंवा अनुभव असा दिलेला असेल की न पटणाऱ्या माणसालाही विचार करावा लागेल, तर तिसरा. ज्येष्ठ सरांना तिसरी अट मोघम वाटते आणि ती खरोखरच मोघम आहे. शुद्धलेखनाबद्दलही ठरले की स्वमताच्या उत्तरात त्यासाठी गुण कापायचे नाहीत, कारण लेखननियमांना भाषाभ्यासात स्वतंत्र गुण आहेत आणि एकाच चुकीची शिक्षा दोनदा देण्याचे कारण नाही. चुकीच्या शब्दाखाली पेन्सिलीने रेघ मारायची आणि लाल शाई फक्त भूमिका, शब्द आणि कारण या तीन गोष्टींसाठी राखायची.

याच नियमाने मागच्या वर्षीचे ते निंदणाचे उत्तर पुन्हा तपासले. नावाशिवाय दिले होते, तरी मला ते ओळखू येणारच होते. बाकी चौघांनी अडीच ते तीन गुण दिले.

१३ सप्टेंबर

आश्रमशाळेत दोन दिवस राहून आले. इथल्या नोंदी सविस्तर लिहिणे भाग आहे, कारण ‘मातृभाषेचे अध्यापन’ हे शब्द आम्ही प्रकल्पाच्या पहिल्या पानावर विचार न करता लिहिले होते. इथल्या वर्गातल्या बहुसंख्य मुलांची मातृभाषा कोरकू आहे. कोरकू ही मुंडा कुळातली भाषा आहे, मराठीशी तिचे नाते नाही. शासनाच्या लेखी मात्र ही मुले मराठी प्रथम भाषा म्हणूनच शिकतात, आणि पुणे किंवा अमरावती शहरातल्या, मराठी घरात बोलणाऱ्या मुलाच्या हातात असते तेच पुस्तक त्यांच्या हातात असते.

तिथल्या मॅडमनी वह्या दाखवल्या. ‘माझा वही’, ‘ते मुलगी आली’, ‘तो पुस्तक फाटला’ अशी वाक्ये आणि प्रत्येक वाक्याखाली लाल रेघा होत्या. मॅडमना वाटत होते की मुले लक्ष देत नाहीत. त्याच शाळेत अधीक्षक म्हणून काम करणारे एक कोरकू भाषक सर जेवणाच्या सुट्टीत आमच्याबरोबर बसले होते. त्यांनी सांगितले की कोरकूत नामांची मुख्य विभागणी सजीव आणि निर्जीव अशी आहे. त्या मुलाच्या दृष्टीने वही, पुस्तक आणि खडू या तिन्ही वस्तू निर्जीव, म्हणजे एकाच प्रकारच्या आहेत. आम्ही मात्र ती वही, ते पुस्तक आणि तो खडू असे म्हणतो, आणि असे का म्हणतो याचे कारण मराठीच्या शिक्षकालाही देता येत नाही. म्हणजे त्या लाल रेघांपैकी बऱ्याच रेघा दुर्लक्षावर ओढलेल्या नव्हत्या. मूल एका व्याकरणातून दुसऱ्या व्याकरणात येत होते आणि उंबरठ्यावर ठेचकाळत होते.

दुसऱ्या दिवशी मॅडमनी धाडस केले आणि वचनाचा घटक वर्गाच्या मदतीने शिकवला. मराठीतली एकवचन-अनेकवचनाची जोडी फळ्यावर लिहिली आणि तुमच्या भाषेत काय म्हणता, असे विचारले. मुलांनी दोनाऐवजी तीन रकाने भरले, कारण कोरकूत दोन असण्याचे वेगळे रूप आहे. संस्कृतात द्विवचन असते आणि मराठीत ते राहिलेले नाही, हे मॅडमनी सांगितले तेव्हा पुढच्या बाकावरच्या मुलाने विचारले की म्हणजे आमच्याकडे तुमच्यापेक्षा एक जास्त आहे का. मॅडमनी हो म्हटले. त्यानंतर त्या तासिकेत जे हात वर होत राहिले, ते पाहायला ज्येष्ठ सर हवे होते.

या वर्गासाठी वेगळी भाषाशिक्षणपद्धती लागेल, आणि ती पाच शिक्षकांच्या वर्षभराच्या उपद्व्यापातून तयार होणारी गोष्ट नाही. तूर्त एवढेच ठरवले की लिंगाच्या चुका वहीत मोजायच्या नाहीत. त्या मागच्या पानावर एका यादीत जमवायच्या आणि दर पंधरवड्याला वर्गाने मिळून ती यादी वाचायची.

४ ऑक्टोबर

अभिजात भाषेचा दर्जा मिळाला त्या गोष्टीला काल वर्ष झाले. सप्ताह सुरू आहे. घोषवाक्यांची स्पर्धा झाली, रांगोळी झाली, मराठीचे दोन हजार वर्षांचे वय भाषणांतून सांगून झाले. ग्रंथालयाच्या कपाटाची किल्ली मात्र ज्यांच्याकडे असते ते रजेवर असल्यामुळे कपाट सोमवारी उघडेल.

या सप्ताहाचा उपयोग आम्ही एका वेगळ्या गोष्टीसाठी केला. रिद्धपूर आमच्याच जिल्ह्यात आहे. मराठीतला आद्य गद्यग्रंथ मानले जाणारे लीळाचरित्र तेराव्या शतकात तिथे आकाराला आले आणि मराठी भाषा विद्यापीठही आता तिथेच उभे राहिले आहे. तुमचे बोलणे अशुद्ध आहे असे ज्या जिल्ह्यातल्या मुलांना पहिलीपासून ऐकवले जाते, त्या जिल्ह्याला मराठी गद्याचा हा वारसा आहे, हे आमच्या वर्गातल्या एकाही मुलाला ठाऊक नव्हते. मी ते अभिमानाच्या सुरात सांगू लागले आणि मध्येच थांबले, कारण तेही शेवटी एक भाषणच होत होते.

त्याऐवजी फळ्यावर दोन रकाने केले आणि मुलांच्याच बोलण्यातली वाक्ये घेतली. मले, तुले, त्याले यांच्यासमोर मला, तुला, त्याला. ‘काय करून राहिला’ याच्यासमोर ‘काय करत आहेस’. थोड्याच वेळात मुलांनी सांगितले की हा बदल अंदाधुंद होत नाही : जिथे पुस्तकात ‘ला’ तिथे घरी ‘ले’, आणि चालू असलेल्या क्रियेसाठी घरी ‘राहणे’ हे क्रियापद मदतीला येते. मग बोलीलाही व्याकरण आहे, हे मला सांगावे लागले नाही. अर्ज आणि बातमी प्रमाण मराठीत लिहायची आणि प्रसंगलेखनातल्या आईच्या तोंडी तिचीच भाषा ठेवायची, असे वर्गाने ठरवले. हे प्रसंगलेखन ८ गुणांचे असते आणि बोलीतला संवाद पाहून कोणी त्यातले गुण कापील, ही भीती आमच्या तरुण मॅडमनी पुन्हा बोलून दाखवली. ती नोंदवली आहे.

१५ नोव्हेंबर

दिवाळीनंतर लेखननियम घेतले. मराठी साहित्य महामंडळाचे १४ नियम १९६२ मध्ये शासनाने स्वीकारले आणि १९७२ मध्ये आणखी ४ आले, असे एकूण १८ नियम आहेत. ते मुलांना मी दरवर्षी एका दमात वाचून दाखवते. या वेळी एकही नियम सांगितला नाही. जुन्या वर्तमानपत्रांतून मूल, फूल, बहीण, विहीर आणि त्यांची मुलाला, फुलांचा, बहिणीने, विहिरीत अशी रूपे शोधून कापून आणायला सांगितली. कात्रणे शेजारी शेजारी चिकटवली तेव्हा दीर्घ अक्षर ऱ्हस्व होते हे सगळ्यांना दिसले. कधी होते, याचे उत्तर तिसऱ्या गटाने दिले : शब्दाला काही जोडले आणि ते अक्षर शेवटून दुसरे राहिले नाही, म्हणजे होते.

तेवढ्यात एका मुलीने ‘शरीर’ आणि ‘शरीराला’ अशी दोन कात्रणे पुढे केली आणि हे का बदलत नाही, असे विचारले. संस्कृतातून जसेच्या तसे आलेले शब्द या नियमाला अपवाद आहेत, हे मला ठाऊक होते, पण विचारले जाईल असे वाटले नव्हते. गेली कित्येक वर्षे हा अपवाद मी सांगत आले आहे, मात्र तो कोणाला हवा होता असे आज पहिल्यांदा झाले. चुका कमी होतील का, ते इतक्यात सांगता येणार नाही. आजच्या वर्गपाठात ‘बहिणीला’ बहुतेकांनी बरोबर लिहिले आणि ‘परिक्षा’ बहुतेकांनी चूक लिहिले.

९ डिसेंबर

जवळजवळ पंधरवडा प्रकल्पाचे काही झाले नाही. नगरपरिषद निवडणुकीच्या २ डिसेंबरच्या मतदानासाठी आमच्यापैकी तिघांना प्रशिक्षण आणि प्रत्यक्ष काम होते. तेवढ्यात पालकांची सभा आली.

सभेत तक्रार झाली आणि ती अपेक्षितच होती. एका पालकांनी दोन वह्या आणल्या होत्या, एक मोठ्या मुलीची, माझ्याच हातची तीन वर्षांपूर्वीची, आणि एक धाकट्याची, यंदाची. पहिलीत प्रत्येक पाठाची सगळी प्रश्नोत्तरे सुवाच्य अक्षरात होती. दुसरीत खाडाखोड, अर्धवट वाक्ये, पेन्सिलीच्या रेघा आणि माझे प्रश्न होते. ‘मॅडम, याच्यात उत्तर कुठी आहे? पोरानं परीक्षेले वाचायचं काय?’ असे त्यांनी विचारले. ते स्वतः सातवीपर्यंत शिकलेले आहेत. मुलांचा अभ्यास ते वहीच्या भरलेल्या पानांवरूनच जोखतात, आणि मी त्यांचा तो एकमेव मापदंड काढून घेतला होता.

समजावण्याचा प्रयत्न केला, पण तो फारसा जमला नाही. मग मुलालाच वहीतले एक उत्तर वाचायला सांगितले. त्याने अपठित उताऱ्यावरचे आपले म्हणणे वाचले आणि वडिलांनी मध्येच त्याला थांबवून ‘असं कसं म्हणतो तू?’ असे विचारले. दोघांचे तिथेच दोन-तीन मिनिटे चालले. जाताना ते एवढेच म्हणाले की आकलनाच्या चौकटींची उत्तरे तरी लिहून देत जा. ती मागणी रास्त आहे आणि आम्ही ती मान्य केली.

१७ जानेवारी २०२६

दुसऱ्यांदा एकत्र तपासणी झाली. तिन्ही शाळांतून चार-चार उत्तरे घेतली होती, नावे झाकलेली, आणि पाचही जणांनी स्वतंत्रपणे गुण दिले. ऑगस्टमध्ये एकाच उत्तराला शून्यापासून तीनपर्यंत गुण पडले होते. या वेळी दोन उत्तरे सोडता कुठेही एकापेक्षा जास्त गुणाचा फरक पडला नाही. बारा उत्तरांवरून काही सिद्ध होत नाही हे खरे, पण स्वमताला आदर्श उत्तर नसेल तर तपासणी मनमानी होईल, हा जो आक्षेप आम्ही स्वतःवरच घेतला होता, तो निदान आमच्या पाच जणांपुरता टिकला नाही. ज्येष्ठ सर अजूनही तिसऱ्या अटीला मोघम म्हणतात, मात्र त्यांचे गुण आता माझ्या गुणांशी जुळतात.

दोन उत्तरांत मोठा फरक पडला, आणि त्यातले एक आश्रमशाळेतले होते. त्यात भूमिका होती, कारण होते, पण वाक्ये इतकी तुटक होती की दोघांनी कारण समजलेच नाही असे लिहिले. अशा उत्तरांसाठी लेखी तीन गुणांपैकी काही भाग तोंडी विचारून देता येईल का, हे मुख्याध्यापकांशी बोलून पाहायचे आहे. २० गुणांच्या अंतर्गत मूल्यमापनात त्याला जागा निघू शकते.

मागच्या वर्षीचा तो मुलगा परवा सराव परीक्षेचा पेपर घेऊन आला होता. मी अखेर त्याला जुना कागद दाखवला आणि तेव्हा माझे चुकले होते असे सांगितले. त्याने कागद वाचला, थोडा हसला आणि म्हणाला, ‘मॅडम, आता मी असं लिहित नाही. आता मी मुद्देसूद लिहितो.’ सराव परीक्षेत त्याला स्वमताला तीनपैकी तीन मिळाले आहेत. उत्तर मी वाचले. त्याची सुरुवात कष्ट हेच यशाचे गमक या वाक्याने आहे.

मागच्या बाकावरची मुलगी शाळा सुटल्यावर भेटली. नव्या उत्तराला तिला दोन गुण आहेत आणि तिसरा का कापला, हे तिला हवे होते. कारण पटण्यासारखे दिलेले नाही, असे मी सांगितले. तिने विचारले की कोणाला पटण्यासारखे. मी गुण वाढवलेला नाही. तिचा प्रश्न तिच्याच शब्दांत फेब्रुवारीच्या बैठकीच्या विषयपत्रिकेत पहिल्या क्रमांकावर लिहिला आहे.